दुबई किती तासांवर?



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. मुंबई आणि दुबई ही आशिया खंडातली दोन शहरे. त्यांच्यात अंतर किती, आणि विमानाला वेळ किती लागतो, एवढाच तो विषय. पाचवीतल्या मुलाने विचारावा असा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, ‘गुरुजी, उत्तर एका वाक्यात देऊन टाका आणि गाणी लागू द्या.’ मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत असे. छत्तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. पण हाच प्रश्न एकदा मला अगदी नडीच्या वेळी विचारला गेला. मी चटकन उत्तर दिले. उत्तर बरोबर होते, आणि तरीही माझ्या हातून चूक झाली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. वाडीवाडीतले दोन-चार जण आखातात नोकरीला आहेत. आमच्या शेजारचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा दुबईत कामाला, माझाच विद्यार्थी. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षाचे दिवस होते. पहाटे तात्या गेले. साडेसहाला मुलाला फोन केला. तो एवढेच म्हणाला, ‘मी येतोय. मला थांबा.’

तोवर खळ्यात माणसे जमली होती. वाडीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने मला विचारले, “गुरुजी, दुबई म्हणजे किती तास हो?”

मी म्हणालो, “तीन तास.”

“बस्स?”

“बस्स. मुंबईहून आपल्याकडे यायला आठ लागतात, आणि दुबईहून मुंबईला तीन.”

ऐकून माणसांना जरा धीर आला. “मग थांबूया,” म्हातारा म्हणाला. “बापाचं तोंड बघू दे पोराला.”

आता हे माझे तीन तास आले कुठून, ते आधी पाहू. मग पुढचे सांगतो.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर घ्या. शाळेत तो असतोच. एक दोरी घ्या. तिचे एक टोक मुंबईवर ठेवा, दुसरे दुबईवर, आणि दोरी ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. अंतर लांब असेल तर नकाशा फसवतो. गोलावर ताणलेली दोरी हीच खरी जवळची वाट. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. तुमच्या गोलाचा घेर १०० सेंटिमीटर असेल, तर ही दोरी पाच सेंटिमीटरला किंचित कमी भरेल. हिशेब केला की उत्तर येते सुमारे १,९३० किलोमीटर. दोरी कुठून जाते तेही मुलांना पाहू द्या. मुंबईहून वायव्येकडे, सौराष्ट्राला उजव्या हाताला ठेवून, जवळजवळ सगळी वाट अरबी समुद्रावरून. शेवटी मस्कतच्या वायव्येला ओमानचा किनारा लागतो, मग उघडेबोडके डोंगर, आणि पलीकडे दुबई.

जेट विमान साधारण ताशी ८५० किलोमीटर वेगाने जाते. १,९३० ला ८५० ने भागा. सव्वादोन तास येतात. पण विमान म्हणजे काही बंदुकीची गोळी नव्हे. ते आधी धावपट्टीपर्यंत रखडत जाते, रांगेत थांबते, दहा-अकरा किलोमीटर उंच चढते, शेवटी तितकेच सावकाश उतरते. कधी कधी धावपट्टी मोकळी होईपर्यंत आकाशातच घिरट्या घालत राहते. हे सगळे धरून वेळापत्रकात सुमारे तीन तास लिहिलेले असतात.

‘सुमारे’ म्हणण्याला आणखी एक कारण आहे. जाताना आणि येताना सारखाच वेळ लागत नाही. मुंबईहून दुबईला जायला साधारण सव्वातीन तास, आणि परत यायला तीन तास किंवा थोडे कमीच. वाट तीच, मग हा फरक का? आमच्या खाडीतल्या कुठल्याही होडीवाल्याला विचारा. वल्ही तीच, हात तेच. पण भरतीच्या पाण्याबरोबर होडी भराभर आत येते, आणि ओहोटी लागल्यावर तीच होडी आत आणताना दंड भरून येतात. आकाशातही असेच प्रवाह असतात. हिवाळ्यात आपल्या उत्तरेकडच्या आकाशात, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहत असतात. समजा, वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर आहे. दुबईकडे जाणाऱ्या विमानाला तो समोरून लागतो, म्हणून जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग उरतो ७५०. मुंबईकडे येणाऱ्याला तोच वारा पाठीमागून रेटतो, त्याचा वेग होतो ९५०. आता भागाकार करा. जाताना दोन तास चौतीस मिनिटे, येताना दोन तास दोन मिनिटे. केवळ वाऱ्यामुळे अर्ध्या तासाचा फरक!

पावसाळ्यात हे चित्र पालटते. त्या दिवसांत आपल्या द्वीपकल्पावर फार उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहू लागतात. आपल्याच देशातले हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी या पूर्वेकडच्या वेगवान वाऱ्यांवरचा आपला अभ्यास १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आपण खाली सरींत भिजत असतो, वाऱ्याचा तोंडावर मारा नैर्ऋत्येकडून होत असतो, आणि त्याच वेळी डोक्यावर फार उंच वारा अगदी उलट दिशेला धावत असतो. म्हणून अंतर विचारले तर एक आकडा सांगता येतो. वेळ विचारली तर कुठल्या बाजूला, कुठल्या ऋतूत, हेही विचारावे लागते.

आता घड्याळाकडे वळू, कारण घरोघरी घोटाळा होतो तो इथे. तिकिटावर लिहिलेले असते, मुंबईहून सुटणार १० वाजता, दुबईला पोचणार ११ वाजून ४५ मिनिटांनी. आई म्हणते, ‘अगो बाई, पावणेदोन तासांत पोचला!’ परतीच्या तिकिटावर असते, दुबईहून १ वाजता, मुंबईला साडेपाचला. आई म्हणते, ‘येताना साडेचार तास? वाटेत थांबलं की काय विमान?’ विमान कुठेही थांबलेले नसते. तिकिटावर सुटण्याची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचण्याची वेळ ह्या गावच्या. ही दोन घड्याळे सारखी नाहीत. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणून जाताना दीड तास मिळवायचा: पावणेदोन अधिक दीड, सव्वातीन. येताना दीड तास वजा करायचा: साडेचारातून दीड गेला, तीन.

हा दीड तास कुठून आला, ते शिक्षकबंधूंनी फळ्यावर जरूर करून दाखवावे. पृथ्वीला स्वतःभोवती एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर, दुबई सुमारे साडेपंचावन्न अंशांवर. फरक साडेसतरा अंशांचा. म्हणजे मुंबईच्या डोक्यावर आलेला सूर्य दुबईच्या डोक्यावर यायला सत्तर मिनिटे लागतात. मग घड्याळात नव्वद मिनिटांचा फरक का? कारण आपली घड्याळे मुंबईच्या सूर्यावर लावलेली नाहीत. सबंध भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर ठरते, आणि दुबईची वेळ साठ अंशांच्या. फरक साडेबावीस अंशांचा. चोक नव्वद, म्हणजे दीड तास. वृद्ध श्रोत्यांना कदाचित आठवत असेल, मुंबई शहर १९५५ पर्यंत आपली निराळी वेळ पाळत असे. ती भारताच्या वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. सूर्य एकच. त्याला घड्याळात बसवण्याच्या रीती मात्र माणसांनी ठरवलेल्या.

इथवर भूगोल झाला. हा सगळा भूगोल मला त्या सकाळी तोंडपाठ होता. आता पुढचे ऐका.

साडेअकराच्या सुमारास मुलाचा फोन आला. घाईघाईत म्हणाला, “तिकीट मिळालं. निघालो.” आणि फोन ठेवला. खेड्यात ‘निघालो’ म्हणजे गाडीत बसलो. आम्ही तोच अर्थ घेतला. खळ्यातल्या माणसांनी माझ्याकडे पाहिले. मी बोटांवर मोजून सांगितले, “साडेअकरा आणि तीन, अडीच. अडीचला मुंबईत उतरेल. तिथून गाडी केली की रात्री साडेदहापर्यंत दारात.” कुणीतरी बर्फाच्या लाद्या आणायला माणूस पाठवला.

अडीच वाजले, तीन वाजले. उतरल्यावर तो फोन करील अशी सगळ्यांची अपेक्षा. फोन नाही. साडेतीनला आम्हीच लावला; बंद. चार वाजता लावला, बंद. कुजबूज सुरू झाली. “तीन तास कधीच होऊन गेले. उतरला असता तर फोन लागला असता.” “विमान चुकलं असणार.” “साहेबानं सोडलंच नसेल.” घरात बायकामाणसे सकाळपासून उपाशी होती. दिवस लहान, सूर्य कलत आलेला. म्हाताऱ्याने मला पुन्हा विचारले, “गुरुजी, तीनच तास ना?” मी म्हणालो, “तीनच.”

पाच वाजता तात्यांना उचलले. पुतण्याने अग्नी दिला. साडेपाचला घरातला फोन वाजला. आम्ही सगळे स्मशानात होतो. फोन शेजारच्या मुलीने घेतला. मुलगा म्हणत होता, “आत्ता उतरलो मुंबईत. येतोच.” त्या पोरीला काय बोलावे ते सुचेना.

पहाटे साडेतीनला तो आला. घरात न शिरता तसाच खाडीकडे गेला. मी मागोमाग गेलो. तो कुणावर रागावला नाही, एक शब्द बोलला नाही. राख अजून गरम होती. तिच्याजवळ उजाडेपर्यंत बसून राहिला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. मीच विषय काढला. म्हटले, “अरे, माझ्या हिशेबात कुठे चुकलं ते मला समजू दे.” त्याने पेन घेतले आणि वाणसामानाच्या यादीच्या मागे लिहून दिले. तो कागद मी आजही जपून ठेवला आहे. सगळ्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे सांगतो.

सकाळी साडेसहाला फोन पोचला. दुबईत तेव्हा पाच वाजले होते. रजा मागणे, पासपोर्ट हाती घेणे, तिकीट काढणे यांत साडेअकरा वाजले. पाच तास. तेव्हा तो निघाला, पण निघाला तो विमानतळाकडे. परदेशी जाणाऱ्याने विमानतळावर तीन तास आधी यावे, असा दंडक आहे. सामान, कागदपत्रे, झडती आणि वाट पाहणे, यांत तीन तास. अडीचला विमान हलले, साडेपाचला मुंबईला टेकले. तीन तास. या तीन तासांत त्याचा फोन बंद होता, आणि नेमके त्याच तीन तासांत आम्ही तो लावत होतो. शिक्के मारून, सामान घेऊन बाहेर पडून गाडी मिळेपर्यंत सात वाजले. दीड तास. मुंबईपासून आमच्या दारापर्यंत साडेआठ तास.

पाच, तीन, तीन, दीड आणि साडेआठ. एकूण एकवीस तास. त्यांतले विमानाचे तीन. ज्या १,९३० किलोमीटरना आपण ‘लांब’ म्हणतो ते तीन तासांत सरले, आणि ज्या ३५० किलोमीटरना आपण ‘आपलीच मुंबई’ म्हणतो त्यांना साडेआठ तास लागले.

कागद माझ्या हाती देताना तो म्हणाला, “गुरुजी, तुमचं गणित बरोबर होतं. विमानाला तीनच तास लागले.” मुलाने मला धीर द्यावा म्हणून हे म्हटले, हे मला कळले. पण त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. मला प्रश्न विमानाचा विचारलेला नव्हताच. म्हाताऱ्याने विचारले होते, मुलगा दारात कधी येईल? मी त्याला दोन विमानतळांमधली वेळ सांगितली. मी जर म्हटले असते, ‘उद्या पहाटेच्या आत येणे नाही,’ तर आम्ही तात्यांना तालुक्याच्या रुग्णालयात ठेवले असते. तशी सोय तिथे होती.

श्रोतेहो, आमच्या आजा-पणजांच्या काळी असा घोळ होत नसे. तेव्हा माणसे गलबतांतून जात आणि वारा फिरला की परत येत. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून आखातातल्या बंदरांना जाणारी ‘द्वारका’ नावाची आगबोट १९८२ पर्यंत चालू होती. त्या काळी आखातातल्या मुलाला वडिलांची बातमी कळली तरी तो अंत्यदर्शनाला येईल अशी आशा कुणी करत नसे. १९६० मध्ये दुबईचा विमानतळ उघडला तेव्हा तिथली धावपट्टी दाबलेल्या वाळूची होती. आज तो जगातल्या सर्वांत वर्दळीच्या विमानतळांपैकी एक आहे. विमानाने दुबई जवळ आणली आणि आपल्या मनात आशा निर्माण केली. ती आशा खोटी नाही. पण आशा धरायची तर हिशेबही नीट करायला हवा.

म्हणून दोन-चार सूचना सांगतो. ज्यांचे कुणी परदेशी आहे त्यांनी घरातल्या भिंतीवर एक कागद लावावा. त्यावर लिहावे: दुबईचे घड्याळ दीड तास मागे. तिकडून फोन आला तर ‘निघालो’ एवढ्यावर थांबू नये. विचारावे, ‘विमान किती वाजता सुटणार? तिथल्या घड्याळाने की इथल्या? मुंबईला किती वाजता उतरणार?’ तिन्ही उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. विमान आकाशात असताना फोन बंद असतो, त्यावरून काही वाईट मनात आणू नये. आणि उतरण्याच्या वेळेत बाहेर पडण्याचे दीड-दोन तास आणि आपल्या गावच्या रस्त्याचे तास मिळवल्याखेरीज कुणाला वेळ सांगू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. ‘मुंबई ते दुबई अंतर व वेळ सांगा’ असा प्रश्न घातलात तर तिथेच थांबू नका. मुलांना सांगा, ‘आपल्या शाळेच्या दारापासून दुबईतल्या एखाद्या घराच्या दारापर्यंतचा प्रवास लिहून आणा. एसटी किती तास, विमानतळावर किती, आकाशात किती, आणि पोचल्यावर दोन्ही घड्याळांत किती वाजले असतील?’ वर्गात ज्यांचे वडील किंवा काका आखातात असतील, ती मुले हे उदाहरण पुस्तकाशिवाय सोडवतील. भूगोल, गणित आणि घरची माया, तिन्ही एकाच उदाहरणात येतील.

मी स्वतः आता एवढे शिकलो आहे. कुणी विचारले, ‘गुरुजी, दुबई किती तासांवर?’ तर मी लगेच आकडा सांगत नाही. मी विचारतो, ‘बाबा रे, कुणाच्या दारापासून कुणाच्या दारापर्यंत?’ आणि मग दोघे बसून, कागद घेऊन, हिशेब करतो.

इतके बोलून आपली रजा घेतो. नमस्कार.